दान्तेच्या लिंबोतली तान्ही बाळं

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चा पहिला खंड ‘इन्फर्नो’. त्याच्या चौथ्या सर्गात आपण दान्ते आणि त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल यांच्याबरोबर नरकाच्या पहिल्या वर्तुळात, लिंबोत, पाऊल टाकतो. नरकाचं दार मागे पडलेलं असतं, नदी ओलांडून झालेली असते. आता आग दिसेल, किंकाळ्या ऐकू येतील अशी मनाची तयारी झालेली असते. ऐकू येतात ते मात्र नुसते उसासे. त्या उसाशांनी तिथली शाश्वत हवा थरथरत राहिली आहे. इथं कुणाला कुणी मारत नाही, जाळत नाही. दुःख आहे, यातना नाहीत. हे उसासे कोणाचे, ते सांगताना कवी एका ओळीत तीन नावं घेतो: बाळं, बायका आणि पुरुष. बाळांचं नाव सगळ्यांत आधी येतं. त्यानंतर अख्ख्या सर्गात त्यांच्याबद्दल एक शब्दही नाही.

14 हजारांहून अधिक ओळींच्या या महाकाव्यात बाप्तिस्म्याआधी मेलेली ही बाळं तीनच ठिकाणी भेटतात. नरकात अर्धी ओळ, शुद्धिपर्वतावर तीन ओळी आणि स्वर्गाच्या अगदी वरच्या टोकाशी काही कडवी. या तीन जागा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर एक अवघड धर्मसिद्धांत एका मोठ्या कवीच्या हाती कसा जिवंत झाला ते दिसतं. आज चर्च त्या सिद्धांताकडे ज्या नजरेनं पाहतं, त्या नजरेची चाहूलही तिथं लागते.

आधी प्रश्न समजून घेऊ. कॅथलिक शिकवणुकीनुसार माणूस आदामाच्या पापाचा वारसा घेऊन जन्माला येतो. बाप्तिस्म्यानं हे मूळ पाप धुतलं जातं आणि देवाच्या राज्याचं दार उघडतं. मग बाप्तिस्मा होण्याआधीच जे मूल गेलं, त्याचं काय? त्यानं स्वतः कसलंच पाप केलेलं नाही, करण्याइतकं ते जगलंच नाही. पण दारही त्यानं ओलांडलेलं नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिननं या प्रश्नाला दिलेलं उत्तर कठोर होतं. मूल निष्पापच जन्मतं, असं मानणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी त्याचा वाद चालला होता. अशा मुलांसाठी स्वर्ग आणि नरक यांच्या मधली एखादी जागा असेल, ही त्यांची तडजोड ऑगस्टिनला मान्य नव्हती. मधली जागा नाही. मुलं नरकातच जातात, मात्र त्यांची शिक्षा सगळ्यांत सौम्य असते, असं त्यानं सांगितलं. पुढची कित्येक शतकं पश्चिमेकडच्या चर्चवर या उत्तराची छाया राहिली. 1201 मध्ये पोप तिसरा इनोसंट यानं एका पत्रात फरक केला: स्वतः केलेल्या पापाची शिक्षा म्हणजे नरकयातना, मूळ पापाची शिक्षा म्हणजे केवळ देवदर्शनाला मुकणं. या फटीतून पुढे लिंबोची कल्पना आकाराला आली. लिंबो म्हणजे नरकाच्या काठावरची, यातना नसलेली जागा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं तिच्यात आणखी मऊपणा आणला. आपण काय गमावलं हे या बाळांना कळतच नाही, म्हणून त्यांना दुःखही नाही; निसर्गतः जेवढं सुख शक्य आहे तेवढं त्यांना मिळतं, असं तो म्हणाला.

दान्तेपुढे हे सगळं होतं. थॉमसवर त्याची श्रद्धा होती. स्वर्गात त्यानं त्याला मानाचं स्थान दिलं आहे. असं असूनही चौथ्या सर्गाच्या उंबऱ्यावर तो थॉमसचं ऐकत नाही. थॉमसच्या लिंबोतल्या बाळांना दुःख ठाऊक नाही, दान्तेच्या लिंबोतली बाळं उसासे टाकतात. शास्त्रकारानं पुसलेलं दुःख कवीनं परत आणलं. दुसरा बदल याहून धाडसी आहे. शास्त्रकारांच्या लिंबोत दोनच दालनं होती, एक बाळांचं आणि एक ख्रिस्तपूर्व काळातल्या श्रद्धावान पूर्वजांचं. दान्तेनं तिथं होमर, ॲरिस्टॉटल, इब्न सिना, सलाउद्दीन अशी ख्रिस्ती नसलेली थोर माणसं आणून ठेवली आणि बाळांना त्यांच्या गर्दीत मिसळून टाकलं.

आता सर्गाची बांधणी पाहू. कड्याच्या टोकावर उभं असताना व्हर्जिलचा चेहरा पांढराफटक पडतो. दान्तेला वाटतं, वाटाड्याच घाबरला, मग आपलं काय होणार? ही भीती नव्हे, कणव आहे, असं व्हर्जिल सांगतो. तो स्वतः याच वर्तुळाचा रहिवासी आहे, हे आपल्याला जरा पुढे कळतं. त्यामुळे पहिल्या वाचनात ही परक्यांविषयीची कणव वाटते, दुसऱ्या वाचनात ती आपल्या माणसांविषयीची होते. एकदा वाचून हे हाती लागत नाही.

मग व्हर्जिल न विचारता खुलासा करतो. या लोकांनी पाप केलेलं नाही. त्यांच्या पदरी पुण्य असेल, तरी ते पुरत नाही, कारण त्यांना बाप्तिस्मा मिळाला नाही. जे ख्रिस्ताच्या आधी जगले, त्यांनी देवाला भजायला हवं तसं भजलं नाही. हे बोलणं बारकाईनं ऐकलं, तर लक्षात येतं की यातला एकूण एक मुद्दा मोठ्या माणसांना लागू पडतो. पुण्य जोडणं, देवाला भजणं हा बाळांचा प्रांतच नव्हे. त्यांच्यासाठी एकच कारण उरतं, ते म्हणजे न मिळालेलं पाणी. हे कारण उच्चारताना व्हर्जिल बाळांचं नाव घेत नाही आणि दान्ते त्याला विचारत नाही. दान्तेचं काळीज पिळवटतं, पण कुणासाठी? मोठ्या योग्यतेची माणसं इथं अधांतरी लटकली आहेत, या जाणिवेनं. कवितेतला प्रवासी दान्ते अजून नवखा आहे. नावाजलेल्यांसाठी हळहळायला त्याला जमतं, बिननावाच्यांसाठी अजून जमत नाही. ही त्याची उणीव कवी दान्तेनं मुद्दाम उघडी ठेवली आहे, असं मला वाटतं.

कारण लगेच पुढे एक विलक्षण तपशील येतो. बोलता बोलता दोघे चालतच राहतात आणि एका रानातून जातात. रान झाडांचं नव्हे, दाटीवाटीनं उभ्या असलेल्या आत्म्यांचं. बाळं याच रानात आहेत. मग दूर उजेड दिसतो, अंधाराला रेटून धरणारा. तिथं सात तटांचा वाडा आहे, भोवती झरा आहे, आत हिरवं कुरण आहे आणि ओळीनं एकेक मोठं नाव येऊ लागतं. या लोकांना हा उजेड कशामुळे लाभला? पृथ्वीवर त्यांचं नाव झालं म्हणून, असं व्हर्जिल सांगतो. म्हणजे लिंबोतला प्रकाश नावावर मिळतो. आणि बाप्तिस्म्याच्या विधीत तर मुलाला त्याच्या नावानं हाक मारतात. ज्यांना नावच लाभलं नाही, ती बाळं अंधाऱ्या रानात राहतात आणि उजेड नामवंतांच्या वाट्याला येतो. दान्तेनं हे कुठंही उच्चारलेलं नाही. रान आणि वाडा शेजारी ठेवून तो पुढे निघून गेला आहे.

या जागी दान्तेचं व्हर्जिलशी असलेलं नातंही वाचावं लागतं. खऱ्या व्हर्जिलनं आपल्या ‘ईनीड’च्या सहाव्या सर्गात पाताळाचं वर्णन केलं आहे. तिथं काव्याचा नायक ईनीअस आत शिरताच पहिल्या उंबरठ्यावर बाळांचं रडणं त्याच्या कानी पडतं. आईच्या छातीपासून अवेळी हिरावून नेलेली ती बाळं आहेत. दान्तेनं ही जागा उचलली. उंबरठा तोच, बाळंही तीच. बदल एवढाच की व्हर्जिलची बाळं टाहो फोडतात आणि दान्तेची उसासा टाकतात. रडणाऱ्या मुलाला कुणी तरी उचलून घेईल असं वाटत असतं, म्हणून ते रडतं. उसासा वाट पाहणं संपल्यावर येतो. या वर्तुळातली एकमेव शिक्षा व्हर्जिलच सांगतो: ओढ आहे, आशा नाही. टाहोचा उसासा करून दान्तेनं तीच शिक्षा आवाजातून आपल्यापर्यंत पोचवली.

रानात शिरण्याआधीच दान्तेनं विचारलेलं असतं, इथून कधी कुणी बाहेर पडलं का? व्हर्जिल सांगतो, मी इथं नवा होतो तेव्हा एक सामर्थ्यवान आला आणि आदाम, हाबेल, नोहा, मोशे, अब्राहाम, दावीद, याकोब, राहेल आणि आणखी पुष्कळांना घेऊन गेला. क्रुसावरच्या मृत्यूनंतर ख्रिस्त पाताळात उतरला, त्याची ही हकिकत. व्हर्जिल ख्रिस्तपूर्व 19 मध्ये वारला, म्हणजे तेव्हा त्याला तिथं येऊन पन्नासेक वर्षं झाली होती. त्या ‘आणखी पुष्कळां’त कोण होतं, हे कवी इथं गुलदस्त्यात ठेवतो. उत्तर मिळायला आपल्याला 90 हून अधिक सर्ग थांबावं लागतं.

मधे एक मुक्काम आहे, दुसऱ्या खंडातला, ‘पुर्गातोरियो’चा सातवा सर्ग. शुद्धिपर्वताच्या पायथ्याशी सोर्देल्लो नावाचा कवी व्हर्जिलला त्याचा ठावठिकाणा विचारतो. लिंबोतल्या वाड्यात व्हर्जिल होमर आणि होरेस यांच्या पंगतीला बसणारा. इथं मात्र तो वाड्याचं नाव काढत नाही. अंधाराची एक जागा आहे, तिथं मी राहतो, निष्पाप लेकरांबरोबर, असं तो सांगतो. माणसाच्या वारशानं आलेल्या दोषातून सुटण्याआधीच मृत्यूनं ज्यांना दातांनी चावलं, ती ही लेकरं. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन गुण न लाभलेल्या सज्जनांचा उल्लेख तो त्यानंतर करतो. रोमचा सर्वांत मोठा कवी आपला पत्ता देतो, तो तान्ह्यांचा शेजारी म्हणून. चौथ्या सर्गात ज्या बाळांचं त्यानं नावही घेतलं नाही, त्यांना तो इथं स्वतःच्या आधी उभं करतो. मृत्यूला दात देणारी ती प्रतिमा साऱ्या काव्यातल्या अंगावर काटा आणणाऱ्या प्रतिमांपैकी आहे. तिच्यात बाळांचा दोष उरत नाही, मृत्यूचं क्रौर्य उरतं.

तिसऱ्या खंडात, ‘पारादिसो’च्या 19 व्या सर्गात, हा प्रश्न थेट आपल्या दारात येतो. न्यायी राजांच्या आत्म्यांनी मिळून झालेला एक गरुड दान्तेच्या मनातली शंका त्याच्यापुढे मांडतो. समजा, सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मला. ख्रिस्ताविषयी सांगणारं, वाचणारं, लिहिणारं तिथं कुणी नाही. तो सदाचारानं जगला आणि बाप्तिस्म्यावाचून मेला. त्याला दोषी ठरवणारा हा कुठला न्याय? चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या कवीनं आपल्या मनातल्या सर्वांत टोकदार प्रश्नासाठी भारतीय माणूस निवडावा, हे मराठी वाचकानं जरूर टिपून ठेवावं. गरुड आधी दटावतो: वीतभर नजरेच्या माणसानं हजार मैलांवरचा न्याय करू नये. पण पुढे तोच सांगतो की ‘ख्रिस्त, ख्रिस्त’ असा घोष करणारे पुष्कळ जण न्यायाच्या दिवशी, ख्रिस्ताला न ओळखणाऱ्यांपेक्षाही त्याच्यापासून दूर असतील. विसाव्या सर्गात तर दान्ते ख्रिस्तपूर्व काळातल्या रिफेउस नावाच्या ट्रोजन वीराला स्वर्गात बसवतो. श्रद्धा, आशा, प्रीती याच त्याचा बाप्तिस्मा ठरल्या, बाप्तिस्म्याची प्रथा सुरू होण्याच्या हजारहून अधिक वर्षं आधी. हा रिफेउस व्हर्जिलच्याच काव्यातला, तिथं जेमतेम उल्लेख झालेला. निर्माता लिंबोत आणि त्याचं दुय्यम पात्र स्वर्गात.

नियमाला फट पाडायची दान्तेची तयारी होती, हे यावरून दिसतं. पण ही फट मोठ्या माणसांसाठी आहे. मोठ्या माणसाकडे इच्छा असते आणि इच्छेतून श्रद्धा उगवू शकते. तान्ह्या बाळाकडे इच्छाच नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणताही आडमार्ग निघत नाही. या प्रश्नानं शास्त्रकारांना शतकानुशतकं छळलं, ते याच कारणानं.

मग येतो ‘पारादिसो’चा 32 वा सर्ग. स्वर्गातलं पांढरं विराट गुलाबपुष्प, त्याच्या पाकळ्यांवर बसलेले संत आणि ते सगळं दाखवणारे संत बर्नार्ड. फुलाच्या खालच्या अर्ध्या भागात बाळं आहेत. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या पुण्याईनं तिथं पोचलेली. नीट पाहा आणि ऐक, बर्नार्ड सांगतात, चेहऱ्यांवरून आणि कोवळ्या आवाजांवरून तुला ती ओळखू येतील. पुनरुत्थानानंतर सगळे ऐन उमेदीच्या वयाचे होतील, असं ऑगस्टिन आणि थॉमस दोघेही मानत. दान्ते त्यांचं न ऐकता बाळांना बाळंच राहू देतो. नरकात ज्यांचा फक्त उसासा ऐकू आला, त्यांच्या वयाच्या बाळांचा खरा आवाज इथं कानी पडतो.

इथं बर्नार्ड नियमांचा इतिहास सांगतात. सृष्टीच्या आरंभी आईबापांची श्रद्धा बाळाला पुरत होती. नंतर मुलग्यांना सुंता आवश्यक झाली. ख्रिस्ताच्या कृपेचा काळ आल्यावर मात्र बाप्तिस्म्यावाचून अशी निष्पापता खाली अडकून राहते. म्हणजे चौथ्या सर्गातल्या त्या ‘आणखी पुष्कळां’त जुन्या काळातली बाळंही होती, असा अर्थ निघतो. पण यातली विसंगती लपत नाही. ज्या काळाला कृपेचा काळ म्हणायचं, त्यातच बाळांसाठी दार अरुंद झालं. दान्ते यावर भाष्य करत नाही. पण अडकलेल्या बाळांचं कडवं संपतं आणि पुढच्याच ओळीत बर्नार्ड म्हणतात, आता त्या चेहऱ्याकडे पाहा जो ख्रिस्ताशी सर्वांत मिळताजुळता आहे. तो चेहरा मरियेचा, आईचा. खाली आईवाचून राहिलेली बाळं आणि वर आईचा चेहरा यांच्यामध्ये कवीनं एका ओळीचंही अंतर ठेवलं नाही. सिद्धांत त्यानं जसाच्या तसा सांगितला. मात्र तो कुठं सांगायचा याची निवड त्याची स्वतःची होती, आणि तिथं त्याचं मन बोलतं.

दान्तेला दाराबाहेर असण्याचा अनुभव होता. 1302 मध्ये फ्लॉरेन्सनं त्याला हद्दपार केलं. परतला तर जिवंत जाळण्याची शिक्षा ठोठावली. ‘पारादिसो’च्या 25 व्या सर्गात तो आशा व्यक्त करतो की या काव्याच्या बळावर कधी तरी आपण परत जाऊ आणि जिथं आपला बाप्तिस्मा झाला त्या सान जोव्हान्नीच्या कुंडापाशीच कवीचा मुकुट घेऊ. ते घडलं नाही. 1321 मध्ये तो राव्हेन्नात वारला. बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ जाता न येणं म्हणजे काय, हे त्याला शास्त्राबाहेरही कळलेलं होतं.

दान्तेनंतरही लिंबो टिकला. तो श्रद्धेचा जाहीर सिद्धांत कधीच झाला नाही, पण शिकवणुकीत मुरला. 1794 मध्ये पोप सहाव्या पायसनं लिंबोला भाकडकथा म्हणून उडवून लावणाऱ्यांची कानउघाडणी केली. 1917 च्या धर्मसंहितेनुसार बाप्तिस्मा न झालेल्यांना चर्चचा दफनविधी नाकारला जाई. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र केलेल्या भूमीत जागा नसे. जुन्या पडक्या चर्चपाशी, शेताच्या कडेला, समुद्रकाठी त्यांना पुरत. पश्चिम आयर्लंडमध्ये अशी नावं नसलेल्या दगडांची दफनस्थळं आजही दिसतात. दान्तेच्या अंधाऱ्या रानाचं हे जमिनीवरचं रूप. दुसऱ्या बाजूला याच काळजीपोटी चर्चनं दार शक्य तितकं सोपंही केलं: बाळाचा जीव धोक्यात असेल, तर चर्चला अभिप्रेत असलेलाच हेतू मनात ठेवून कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, स्वतः ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूर बदलला. 1983 च्या धर्मसंहितेनं, ज्या बाळाला बाप्तिस्मा देण्याची आईबापांची इच्छा होती, त्याच्या चर्चमधल्या अंत्यविधीला परवानगी दिली. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानं 1261 व्या परिच्छेदात लिंबोचं नावच घेतलं नाही. या बाळांना देवाच्या दयेवर सोपवायचं आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगायची, असं त्यानं सांगितलं. त्याआधीच्या 1257 व्या परिच्छेदात त्याची किल्ली आहे: देवानं तारण बाप्तिस्म्याशी जोडलं, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. मग एप्रिल 2007 मध्ये, पोप सोळाव्या बेनेडिक्टच्या संमतीनं, व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. बाप्तिस्म्यावाचून मरणाऱ्या बाळांच्या तारणाची आशा, हाच त्याचा विषय आणि हेच त्याचं नाव. सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा हा त्याचा मुख्य आधार. हेरोदानं बेथलेहेमात मारलेल्या बाळांची आठवणही त्यात आहे. बाप्तिस्मा नसतानाही चर्च 28 डिसेंबरला त्यांना हुतात्मे म्हणून गौरवतं. आयोगानं बाप्तिस्म्याचं महत्त्व कमी केलं नाही आणि लिंबोला चूकही ठरवलं नाही; एक संभाव्य मत म्हणून तो राहू शकतो, असं म्हटलं. बाळं स्वर्गात जातात अशी खात्रीही दिली नाही. आशा बाळगायला भक्कम कारणं आहेत, इतकंच सांगितलं.

काहींना हे उत्तर अर्धवट वाटलं. दान्ते वाचलेल्या माणसाला ते तसं वाटणार नाही. त्याच्या लिंबोत वाडा होता, कुरण होतं, ॲरिस्टॉटलसारखी सोबत होती. नव्हती ती एकच गोष्ट, आशा. 2007 मध्ये चर्चनं बाळांसाठी नेमकी तेवढीच गोष्ट पुढे केली. ज्याला आपण दान्तेचा निर्दय सर्ग म्हणतो, त्यानं सातशे वर्षांपूर्वीच उणीव बिनचूक दाखवून ठेवली होती. तिच्यावरचं उत्तर मात्र त्याच्या काळाच्या शास्त्रात नव्हतं, आणि शास्त्र मोडून ते द्यायचं त्यानं टाळलं. म्हणून चौथा सर्ग संपला की पुस्तक मिटू नये. ‘पुर्गातोरियो’चा सातवा आणि ‘पारादिसो’चा 32 वा सर्ग त्याला जोडून एका बैठकीत वाचावेत. या बाळांविषयी दान्तेला जे म्हणायचं होतं, ते या तीन जागा एकत्र वाचल्याशिवाय पुरतं कळत नाही.